चार चाळीसची नोंद

त्या मंगळवारी दुपारी फोन वाजत नव्हता, आणि घरातली तिन्ही माणसं तो न वाजणं ऐकत बसली होती. वडील फोनच्या टेबलाशी, पाठीला उशी, गुडघ्यांवर चादर. आई स्वयंपाकघरात, भांडी न वाजवता भांडी लावत. आणि ती दोघांच्या मधल्या बोळासारख्या पॅसेजमध्ये, मोडक्या स्टुलावर, मांडीवर प्रुफांचा गठ्ठा घेऊन एकच ओळ पाचव्यांदा वाचत होती. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासणं हे तिचं काम, दुसऱ्यांच्या चुका पकडून पोट भरायचं. वडिलांना चार दिवस ताप होता म्हणून ती रजा टाकून आली होती. डॉक्टरांनी संपूर्ण विश्रांती सांगितली होती आणि वडिलांनी मान डोलावून ती मान्यही केली होती, फक्त विश्रांती फोनपाशी घेणार एवढीच त्यांची अट होती. ताप उतरत होता, भूक लागत होती. सकाळी त्यांनी अंघोळीच्या पाण्यावरून आईशी वादही घातला होता. दिवस अगदी साधा होता. पुढे तिने तो इतक्या वेळा उलटसुलट करून पाहिला की त्याचा साधेपणाच तिच्या अंगावर यायला लागला.

वडील किराणा दुकानदार संघाचे चिटणीस होते. सव्वीस वर्षं. स्वतःचं दुकान गुडघ्यांनी दगा दिल्यावर विकून टाकलं, पण चिटणीसपण सुटलं नाही, आणि लोक त्यांना नावाने हाक मारायचे तेही बंद झालं. आईसुद्धा चिडली की ‘चिटणीस, जेवायला चला’ म्हणायची. संघ म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, भिंतीवर सगळ्या परिसराचा नकाशा आणि त्यात टोचलेल्या चौसष्ट टाचण्या. एक टाचणी म्हणजे एक दुकान. लहानपणी तिला वाटायचं, हे सगळं दुकानदारांचं भांडण सोडवायला आहे, कारण वडील तेच करताना दिसायचे. कुणी कुणाच्या दारात पोती उतरवली, कुणी शेजाऱ्याचं गिऱ्हाईक तोडलं. मग वजनकाटे तपासून घ्यायचा दिवस ठरवा, ठोक व्यापाऱ्यांकडून माल एकत्र मागवा, कुणी आजारी पडला तर त्याचं दुकान शेजारच्या दोघांनी आळीपाळीने उघडं ठेवायचं, ते ठरवा. पण वडिलांच्या लेखी संघाचं खरं काम एकच होतं, निरोप. एखाद्या मालात खोट निघाली, अमुक डबे विकू नका असं सरकारी खात्याकडून कळलं, की तो निरोप त्याच दिवशी चौसष्टही दुकानांत पोचला पाहिजे. त्यासाठी त्यांनी साखळी बांधली होती. चिटणिसाने पहिल्या दुकानाला फोन करायचा, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. पुढचं दुकान बंद असेल तर ते सोडून त्याच्या पुढच्याला. निरोप दोनदा सांगायचा. पहिल्यांदा माणूस नुसता आवाज ऐकतो, निरोप दुसऱ्यांदा ऐकतो, असं ते म्हणत. आणि चौसष्टाव्या दुकानाने परत चिटणिसाला फोन करून एकच शब्द बोलायचा, ‘पोचलं.’ तो आला की वहीत वेळ लिहायची. नाही आला तर पहिल्यापासून पुन्हा सुरुवात, मग कुणी कितीही वैतागो. तरुण दुकानदार हसायचे. मोबाइलवर ग्रुप आहे की, चिटणीस, टाका त्यावर. ग्रुप होताच, त्यावर वाढदिवस आणि विनोद चालायचे. वडील म्हणायचे, ते चौकात उभं राहून ओरडणं झालं. ओरडलं कोण ते कळतं, ऐकलं कुणी ते कळत नाही.

त्या मंगळवारचा निरोप दूध पावडरीच्या डब्यांचा होता. अठ्ठावीस नंबरचा लॉट, फळीवरून काढा, विकू नका. वडिलांनी अकरा वाजता पहिल्या दुकानाला सांगितला, दोनदा. एरवी तीनपर्यंत साखळी फिरून यायची. तीन वाजले, साडेतीन झाले. वडिलांची मान छातीवर पडायची आणि दचकून वर यायची, आणि दर वेळी ते आधी फोनकडे बघायचे, मग घड्याळाकडे, मग तिच्याकडे, जणू तिनेच काहीतरी लपवून ठेवलंय. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं. आडवे व्हा म्हटलं की हात वर करायचे, वर्गातल्या गोंधळी पोरांना गप्प करावं तसा. तिला आठवलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती कविता म्हणत होती आणि ते मागच्या दारातून निघून गेले होते, कुठल्याशा तेलाच्या पिंपांचा निरोप अडकला होता म्हणून. कॉलेजच्या निकालाच्या दिवशीही तेच. तिच्या आयुष्यातल्या प्रत्येक मोठ्या दिवसावर ‘पोचलं’ या शब्दाची सावली होती, आणि पस्तिशी ओलांडलेल्या बाईने त्याचा राग धरू नये हे तिला पुस्तकांनी चांगलं शिकवलं होतं. तरी राग होता. साडेचारला ती उठून आतल्या खोलीत गेली, खिडकीशी उभी राहिली, समोरच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं ते बघत राहिली, आणि परत आली तेव्हा वडील जागे होते. डोळा लागला होता वाटतं, ते म्हणाले. मग विचारलं, “वाजला का फोन?”

ती म्हणाली, “हो. पोचलं.”

एवढंच झालं असतं तर कदाचित तिने स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. पण वडिलांनी विचारलं, किती वाजता. तिने भिंतीवर पाहिलं, चार चाळीस. त्यांनी विचारलं, शेवटच्या दुकानाच्या बाईच बोलल्या ना, आणि काही म्हणाल्या नाहीत? कारण ती बाई नुसतं ‘पोचलं’ कधीच म्हणायची नाही, पुढे काहीतरी खोडी काढायचीच. आणि ती, जिला ऑफिसात कानामात्रेची चूक खपत नाही, सहज म्हणाली, “म्हणाल्या, चिटणिसांना सांगा, आता झोपा, नाहीतर मीच येऊन दिवा घालवते.” वडील हसले. तापाने सुकलेले ओठ ताणून, दात दाखवून हसले. वही पुढे ओढली, चष्मा लावला, आणि तिने हात पुढे केला तो बाजूला सारून स्वतःच्या हाताने लिहिलं, तिरकं, दाबून. ‘पोचलं. ४.४०.’ मग उठून पलंगावर गेले आणि भिंतीकडे तोंड करून असे झोपले की आईने दोनदा जाऊन श्वास पाहिला. संध्याकाळी जेवले, बातम्या ऐकल्या, उद्या दाढी करायची म्हणाले. सकाळी खरंच दाढी केली. अर्धी झाली होती. आरशासमोरच्या खुर्चीत ते एका बाजूला कलले आणि आईने हाक मारली तेव्हा साबण अजून ओला होता.

शुक्रवारी कळलं. भेटायला आलेल्यांच्या गर्दीतच कुणीतरी दाराशी दबक्या आवाजात बोललं आणि तिच्या कानात ते गरम तेलासारखं उतरलं. साखळी तुटली होती. एक्कावन्न नंबरच्या दुकानापर्यंत निरोप गेला. बावन्नवाला दाढ काढायला गेला होता, त्याचं दुकान बंद. एक्कावन्नवाल्याने पुढच्याला फोन लावायचा, तर त्याच्या दारात मालाची गाडी येऊन उभी राहिली. उतरवून घेतो आणि लावतो म्हणाला, आणि विसरला. पुढच्या तेरा दुकानांत डबे फळीवर तसेच. तीन घरांतली मुलं आजारी पडली, त्यातली एक चार वर्षांची मुलगी पुढे नऊ दिवस इस्पितळात राहिली. मग ती घरी आली, खेळायला लागली, हे तिने इतक्या लोकांकडून विचारून खात्री करून घेतलं की लोकांना तिच्या हळवेपणाचं कौतुक वाटलं. एक्कावन्नवाला रडत आला होता. आईसमोर हात जोडून म्हणाला, माझी चूक आहेच, पण मला वाटलं, चिटणीस आहेत. ‘पोचलं’ आलं नाही की ते पुन्हा सुरू करतीलच. सव्वीस वर्षांत कधी सोडलं नाही त्यांनी. आई त्याला पाणी देत होती. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

त्यानंतरचे सतरा दिवस ती आपलं ते ‘हो. पोचलं’ बरोबर घेऊन हिंडली. बसमध्ये, ऑफिसात, प्रुफांच्या समासात. सांगायचं, असं ती रोज सकाळी ठरवायची, आणि दुपारपर्यंत तिला सांगू नये याची चांगली सुसंस्कृत कारणं सापडायची. मुलगी बरी झाली आहे. गेलेल्या माणसाला काही लागत नाही. आईला आता हे कशाला. एकदा तर तिच्या मनात असंही आलं, की फोन खरंच वाजला असेल. ती खिडकीशी असताना वाजला असेल आणि तिने तो ऐकून, उचलून, विसरूनही टाकला असेल. ती त्या कल्पनेत अर्धा तास राहिली. एखाद्या परक्या घरात चोरून बसावं तशी.

सतराव्या दिवशी, सोमवारी, अध्यक्षांचा फोन आला. चौकातल्या मोठ्या दुकानाचे मालक, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण आजारी असल्यासारखं वाटावं. म्हणाले, बेटा, सभा ठेवली आहे, गुरुवारी पाचला. आधी चिटणिसांना श्रद्धांजली, मग एक छोटा विषय. खात्याने खुलासा मागवलाय, निरोप कुठे अडला म्हणून. वही तेवढी घेऊन ये. मग जरा थांबून, आवाज आणखी मऊ करून त्यांनी सांगितलं, की खुलाशात लिहावं लागेल, चिटणिसांचं वय झालं होतं, ताप होता, निरोप न येताच त्यांनी आल्याची नोंद केली. इलाज नाही. जिवंत माणसाचं नाव लिहिलं तर त्याचा परवाना जाईल. चिटणीस असते तर त्यांनीही हेच केलं असतं, नाही का? ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, हो म्हणायची तिला सवयच लागली आहे.

गुरुवारी निघताना आईने वही स्वतः कपाटातून काढून दिली. कापडी पिशवीत घातली, पिशवीचे बंद ओढून गाठ मारली आणि म्हणाली, “जशी आहे तशी दे.” तिने दचकून पाहिलं. आई चप्पल घालत होती, वाकून, पट्टा सापडत नसल्यासारखी. त्या दुपारी आई फोनपासून दहा पावलांवर होती. त्या घरात फोन वाजला की शेजारचे लोक स्वतःच्या फोनकडे बघायचे. हे तिला आजवर सुचलंच नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं? रस्ताभर पिशवी तिच्या खांद्यावर होती आणि एका वहीला असावं त्याहून जास्त जड लागत होती. पान काढून टाकता येईल, शिवण सैल आहे. हा विचार तिने केला नाही, तो नुसता तिच्या शेजारून चालत राहिला.

रंगाच्या दुकानाच्या बाजूचा जिना अरुंद, टर्पेंटाइनच्या वासाने भरलेला. तोच वास वडिलांच्या शर्टांना यायचा. आई कठडा धरून पुढे गेली आणि जिन्याच्या वळणावर कुणीतरी तिचा दंड धरला. शेवटच्या दुकानाच्या मावशी. वस्ती जिथे संपते तिथे यांचं दुकान, चौसष्टावं, एका खोलीचं. सगळे त्यांना ‘शेवटच्या’ म्हणायचे आणि त्या म्हणायच्या, शेवटची आहे म्हणून तर तुमचं सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं. त्यांनी तिला भिंतीकडे ओढलं. केस नीट विंचरलेले, ठेवणीतले कपडे, पण हाताला नेहमीचा साबणाच्या वड्यांचा वास.

त्यांनी भराभर सांगितलं, कुजबुजत. की त्यांनी त्या दिवशी फोन केला नव्हता, कसा करणार, त्यांच्यापर्यंत निरोप आलाच नाही. पण चिटणिसांनी लिहिलंय ना की आला. मग आला. “मी सांगणार आहे, मी केला होता म्हणून. चार चाळीसला. माझ्याच डोक्यात गोंधळ झाला म्हणेन. त्या माणसाने सव्वीस वर्षांत एक खोटं अक्षर लिहिलं नाही, पोरी. आता वर गेल्यावर त्याच्या नावावर हे असलं नको.”

तिने विचारलं, म्हणजे तिला वाटलं की ती विचारते आहे, की मग तुमच्या दुकानाचं काय. कारण ती इस्पितळातली मुलगी मावशींच्याच गल्लीतली होती, डबा मावशींकडूनच गेला होता. निरोप कळला होता असं म्हणायचं, तर कळूनही विकला असा त्याचा अर्थ होणार. मावशींनी हात झटकला. म्हणाल्या, “माझं काय, एक खोली आणि चार फळ्या. तुझ्या बापाने माझा नवरा गेला तेव्हा तीन महिने दुकान उघडं ठेवायला माणसं पाठवली, ती काय वही बघून?” मग तिच्या गालावर हलकेच चापट मारली. “तू गप बस. रडूबिडू नकोस, मला बोलता येणार नाही.” आणि वर चढून गेल्या, एका पायाने लंगडत, एकेक पायरी दोन्ही पावलांनी घेत.

खोलीत चाळीसेक माणसं होती. खुर्च्या कमी म्हणून बरेच जण नकाशाच्या भिंतीला टेकून उभे. वडिलांचा फोटो टेबलावर, सदस्यपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा जरा फुटलेला. दुरून हसतायत असं वाटावं आणि जवळून नुसते ठिपके. ती आणि आई पहिल्या रांगेत. अध्यक्ष बोलले, आणखी दोघं बोलले. चिटणीस काटा तपासायला आले की आपणच घाबरायचो, खरे असलो तरी, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले, आईही हसली. हसू विरलं तसे अध्यक्ष घसा साफ करून दुसऱ्या विषयाकडे वळले. कारकून, संघाचा एकुलता एक पगारी माणूस, खुलाशाचा मसुदा वाचायला उभा राहिला. जाड भिंगांचा म्हातारा, वडिलांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने एका आवाजात वाचलं. ‘दिवंगत चिटणिसांनी वयोमानामुळे व आजारपणामुळे, निरोपाची साखळी पूर्ण झाली नसताना, ती पूर्ण झाल्याची नोंद केली.’ ‘दिवंगत’ शब्दावर तो जरा अडला. तिच्या मनातला पेन्सिलवाला हात ते वाक्य तपासत राहिला. शुद्धलेखन बरोबर होतं. विरामचिन्हं बरोबर होती.

“थांबा,” मागून आवाज आला. मावशी उभ्या राहिल्या होत्या. “नोंद खरी आहे. फोन मी केला होता.”

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि म्हणाले, मावशी, तुम्ही बसा. मावशी बसल्या नाहीत. भिंतीशी टेकलेल्यांपैकी एकाने विचारलं, तुम्हाला सांगितलं कुणी, त्रेसष्टवाला तर म्हणतो माझ्याकडे काही आलंच नाही. मावशी म्हणाल्या, आलं होतं कुठूनतरी. मग तोच माणूस, आवाज चढवून, “म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही त्या पोरीच्या घरी डबा दिलात?” या प्रश्नाची तयारी मावशींनी केली असणार, जिन्यात, घरी, आरशासमोर. पण शब्द त्यांच्या तोंडाशी येऊन परत जाताना दिसले. त्या खाली बघत म्हणाल्या, “हो. चूक झाली.” कुणीतरी शी म्हणालं. एक्कावन्नवाल्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. अध्यक्ष कारकुनाला म्हणाले, लिहून घ्या, आणि त्यांच्या आवाजात एक सुटकेचा सूर होता, तो लपवावा असंही त्यांना वाटलं नाही.

कारकुनाचं पेन कागदावर चालू लागलं. ती ते ऐकत होती. मंगळवारी फोन ऐकत होती तसंच, सगळ्या अंगाने. समोर ठिपक्यांचा चेहरा. तिला वाटलं होतं, या क्षणी वडील आठवतील, त्यांचे कष्ट, त्यांचं नाव. पण आठवलं फक्त ते हसणं, दात दाखवून, ‘मीच येऊन दिवा घालवते’वरचं. ते तिने त्यांना दिलेलं शेवटचं काही होतं आणि ते चोरीचं होतं, मागे उभ्या असलेल्या बाईच्या तोंडचं. आणि तिला हेही माहीत होतं की ते वाक्य ती परत घेऊ शकत नाही, घेणारही नाही. त्या दुपारी ते झोपले होते. तिच्या मांडीवरची पिशवी हलली. आईने ती उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली होती, तिच्याकडे न बघता, बंद नीट करत. जणू कुणाला उठायला जागा करून द्यावी.

ती उठली. गुडघा टेबलाला लागला, फोटो किंचित हलला. काहीतरी बोलली ती. तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही. कुजबूज थांबली नव्हती. कारकुनाने मान वर केली, भिंगांमागचे मोठे झालेले डोळे तिच्यावर रोखले आणि पेन कागदापासून उचलून, वडिलांच्या त्या जुन्या, चीड आणणाऱ्या, कोरड्या सुरात तो म्हणाला, “परत सांगा. निरोप दोनदा सांगायचा असतो.”

ती कारकुनाकडे वळली.

“फोन आला नव्हता,” ती म्हणाली. “मावशींनी केला नव्हता आणि बाबांनी खोटं लिहिलं नाही. त्यांनी मला विचारलं, वाजला का. त्यांना झोप हवी होती आणि मला त्या फोनचा कंटाळा आला होता, लहानपणापासून. मी म्हटलं, पोचलं.”